नाशिकमध्ये द्राक्षाची कोणती व्हरायटी लावावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन बाग लावणाऱ्यांसाठी आणि जुन्या बागेत वाण बदलू पाहणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. तारखा आणि आकडे निफाड-दिंडोरी पट्टा धरून दिले आहेत. बागलाण, कळवण, देवळा या कसमादेच्या बाजूला जिथे हिशोब बदलतो, तिथे तसं सांगितलं आहे.

सध्या सर्वांत जास्त भाव कोणत्या व्हरायटीला आहे?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो, खरं तर तो सगळ्यात शेवटी यायला हवा. फेब्रुवारीत रूटची (ज्याच्या मुळांवर वाणाचं कलम बांधतात त्या खुंटाची) रोपं लावली, की ऑगस्ट-सप्टेंबरात कलम भरायचं, पुढच्या फेब्रुवारीत रिकट (कलमाची फूट खाली कापून नवी फूट घेणं) घ्यायचा, मग सांगाडा उभा करायचा आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पहिली गोडी छाटणी (माल धरण्यासाठीची). म्हणजे पहिला माल लागवडीनंतर दोन वर्षांनी. ज्या भावाकडे बघून लावली, तो भाव तोवर राहत नाही. शेजारच्या चार गावांनी त्याच वर्षी तीच काडी भरलेली असते.

आधी पाणी आणि माती बघायची, त्यावर रूट ठरतं. मग छाटणी कोणत्या महिन्यात घेता येईल ते बघायचं. मग माल कोण घेणार ते. एवढं झाल्यावर व्हरायटीच्या यादीत दोन-तीनच नावं उरतात. त्यातली निवड थोडी चुकली तरी कलम करून वाण बदलता येतो. रूट मात्र एकदा लावलं की बाग मोडेपर्यंत तेच.

माती-पाणी तपासायचं म्हणजे नेमकं काय?

पाण्याचा नमुना एप्रिल-मे महिन्यात घ्या. पावसाळ्यात किंवा पालखेड धरणाच्या कालव्याचं आवर्तन चालू असताना विहिरीचं पाणी गोडं लागतं आणि अहवाल फसवा येतो. बोअर असेल तर मोटार अर्धा तास चालवून मग बाटली भरा. मातीचे दोन नमुने वेगवेगळे द्या, एक वरच्या फुटाचा आणि एक दुसऱ्या फुटाचा. द्राक्षाची अडचण बहुतेक वेळा दुसऱ्या फुटात असते.

अहवालात तीन आकडे बघायचे. पाण्याची क्षारता (ईसी) १ डेसिसायमनच्या आत असेल तर निवडीला वाव आहे. १ ते २ मध्ये असेल तर रूटशिवाय बाग लावूच नका. २ च्या वर गेली तर द्राक्षापेक्षा डाळिंबाचा विचार करा. दुसरा आकडा सोडियमचा: सोडियम जास्त असेल तर पानांच्या कडा करपतात आणि माती घट्ट होत जाते. तिसरा मुक्त चुना, म्हणजे आपली चुनखडी. तो १० टक्क्यांच्या पुढे गेला, की कोवळी पानं पिवळी पडतात आणि दरवर्षी फेरस देत बसावं लागतं.

रूट कोणतं, डॉगरिज की ११० आर?

जिल्ह्यातल्या बहुतेक जुन्या बागा डॉगरिजवर आहेत आणि त्याला कारण आहे. हे रूट पाण्याचा ताण सोसतं, खारट पाण्यातही तग धरतं, जोमदार वाढतं आणि कलम चांगलं घेतं. दुष्काळाच्या वर्षांत बागा वाचल्या त्या याच्यावर.

पण तोच जोम भारी काळ्या जमिनीत अंगावर येतो. खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातली, काडी तयार करण्यासाठीची) वाढ थांबता थांबत नाही, पानांवर पानं चढून मांडव अंधारतो, काडीवरच्या डोळ्यावर (कळीवर) ऊन पडत नाही आणि ऑक्टोबरात काडी जाड दिसली तरी घड कमी निघतात. शिवाय डॉगरिज पोटॅश कमी उचलतं आणि काही वर्षांनी सोडियम उचलू लागतं. मण्यात पाणी उतरताना (मणी मऊ पडून गोड होऊ लागताना) जुन्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या तर बुरशीनाशक मारण्याआधी पानांचे देठ प्रयोगशाळेत तपासून घ्या.

११० आरचा जोम मध्यम असतो. काडी आटोपशीर राहते, घडनिर्मिती चांगली होते आणि ताणही सोसतो. ज्यांची जमीन भारी आहे आणि पाणी बरं आहे, त्यांनी हे घ्यावं. हलक्या मुरमाड जमिनीत मात्र सुरुवातीची दोन वर्षं सांगाडा सावकाश भरतो. तिथे डॉगरिजच बरं. पाणी खारट आणि त्यावर चुनखडी असा दुहेरी त्रास असेल तर १४० आरयू किंवा ११०३ पॉलसन विचारात घ्या. रोपं कमी ठिकाणी मिळतात, म्हणून सहा महिने आधी सांगून ठेवावी लागतात.

रोपं उतरवून घेताना पान बघा. ११० आरचं पान लहान, चकचकीत आणि मधल्या शिरेवर किंचित दुमडल्यासारखं असतं. डॉगरिजचं कोवळं पान पांढुरकं, लवदार आणि मोठं झाल्यावर जाडसर. ट्रकमध्ये दोन्ही मिसळून आलेली असतील तर तिथेच परत करा. बाग उभी राहिल्यावर एक वेल उंच आणि एक खुजी अशी ओळ दुरुस्त होत नाही.

निफाड, दिंडोरी, चांदवडकडे कोणत्या व्हरायट्या चालतात?

पांढऱ्यात थॉम्पसन आणि तिचेच भाऊबंद. युरोपच्या निर्यातीसाठी थॉम्पसन आणि तिचा क्लोन २-ए. गोल-लंबगोल मणी, १६ ते १८ मिलिमीटरच्या पुढे फुगवण आणि १६ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) वर शुगर आली की माल बसतो. मात्र मजुरी सगळ्यात जास्त हिलाच लागते: फुलोऱ्याआधी जीए (मणी वाढवणारं संजीवक), विरळणी, डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), शेंडा मारणं, घडांना पेपर लावणं. तास-ए-गणेश सांगलीकडून आली; मणी थॉम्पसनसारखाच आणि स्थानिक बाजारातही चालतो.

लांब मण्याच्या सोनाका, सुपर सोनाका, माणिक चमन, एसएसएन या देशी बाजाराच्या आणि बांगलादेशाच्या व्हरायट्या. मणी मुळातच लांब असल्याने जीएची आणि विरळणीची कामं थॉम्पसनपेक्षा कमी. माणिक चमन ज्यांच्याकडे मजूर कमी आहेत त्यांना सोयीची. धोका एकच: बांगलादेशाने आयात शुल्क हलवलं की फेब्रुवारीच्या एका आठवड्यात भाव खाली येतो. सगळं क्षेत्र एकाच लांब व्हरायटीखाली ठेवू नका.

थॉम्पसन वर्गाला गोडी छाटणीपासून साधारण १२० ते १४० दिवस लागतात. १५ ऑक्टोबरला छाटली तर १३० दिवस धरून २२ फेब्रुवारी. दिवस मोजताना थंडीचं वर्ष असेल तर आठवडाभर जास्त धरा.

काळी-लाल लावली तर?

काळ्यात शरद सीडलेस ही सोलापूरच्या नान्नजची देणगी. नानासाहेब पर्पल आणि जंबो ही नावं त्याच घराण्यातली. शरद १०० ते ११५ दिवसांत येते, म्हणजे त्याच १५ ऑक्टोबरच्या छाटणीवर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बाग मोकळी. मोठ्या मण्याच्या काळ्या व्हरायट्यांना भाव जास्त, पण त्या पाण्यालाही जास्त हळव्या. रंग भरल्यावर एक अवकाळी सर आली किंवा कोरड्या बागेला एकदम पाणी सोडलं, की मणी तडकतात. पाणी उतरल्यानंतर रोज थोडं आणि एकसारखं पाणी द्या. हे जमत नसेल, वीज रात्री आणि तीही तीन दिवसांआड अशी स्थिती असेल, तर मोठी काळी लावू नका.

लाल रंगाचं गणित रात्रीच्या गारव्यावर आहे. फ्लेम सीडलेस ९५ ते ११० दिवसांची. पाणी उतरणं डिसेंबर-जानेवारीत आलं तर रंग सुरेख येतो. क्रिमसन मात्र उशिराची, दीडशे दिवसांच्या आसपास. ऑक्टोबर मध्यावर छाटली तर ती मार्चच्या उन्हात पिकते आणि घडात निम्मे मणी लाल, निम्मे हिरवट राहतात. क्रिमसन लावायचीच असेल तर सप्टेंबरात छाटण्याची तयारी ठेवा, आणि डॉगरिजवर नको. तिचा स्वतःचा जोम पुरेसा आहे.

पांढऱ्या मण्यांवर गुलाबी छटा येते. ही व्हरायटीची खोट आहे का?

नाही, थंडीची आहे. निफाड परिसरात डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याखालीही. नेमकं त्याच वेळी मण्यात पाणी उतरत असेल आणि दिवसा कडक ऊन पडत असेल, तर थॉम्पसन वर्गात पिंक बेरी होते. चवीत फरक पडत नाही, निर्यातीत मात्र तो घड बाद होतो.

उपाय पेपरचा. पाणी उतरायच्या आधी घड कागदाने झाका. मणी मऊ पडल्यावर पेपर लावून उपयोग नाही. कागद लावण्याआधी भुरी आणि मिलीबगचा (पिठ्या ढेकणाचा) बंदोबस्त झालेला हवा, नाहीतर आत काय चाललंय ते खुड्याच्या दिवशीच कळतं. लागवड करतानाच विचार करायचा असेल तर नदीकाठच्या खोलगट रानात पांढऱ्याऐवजी काळी लावा. थंड हवा रात्री तिथेच साचते आणि काळीला तिचा फायदाच होतो.

बागलाणकडे अर्ली द्राक्ष घेतात, तीच पद्धत आम्ही निफाडला केली तर?

कसमादेत गोडी छाटणी जुलै-ऑगस्टपासून सुरू होते आणि माल नोव्हेंबर-डिसेंबरपासून निघतो. बाजार रिकामा असतो म्हणून भाव मिळतो. तो भाव जोखमीचा मोबदला आहे. छाटणीनंतर पोंगा (डोळ्यातली कोवळी फूट) फुटताना ढगाळ हवा आणि सततचा पाऊस राहिला तर घड जिरतात, त्यांच्या जागी बाळी (नुसता तणावा) निघते. त्यातून वाचले तर फुलोऱ्यात गळ-कुज आणि पानांवर डाऊनी (केवडा). फुलोरा छाटणीपासून ३० ते ४० दिवसांनी येतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात छाटलं तर तो ऐन सप्टेंबरच्या पावसात सापडतो.

पाऊस कमी आणि निचऱ्याची जमीन असलेल्या रानात हे जमतं. निफाडच्या भारी जमिनीत, जिथे पावसानंतर चार दिवस ट्रॅक्टर ओळीत शिरत नाही, तिथे फवारणीच वेळेवर होत नाही. त्या जमिनीत अर्ली घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. प्लॅस्टिक आच्छादनाने पाऊस घडावर पडत नाही, पण मुळाशी साचलेलं पाणी त्याने हटत नाही.

आरा वगैरे परवान्याच्या व्हरायट्या घ्याव्यात का?

मोहाडीच्या 'सह्याद्री फार्म्स'ने आरा-१५ सारख्या परदेशी पैदासकारांच्या व्हरायट्या जिल्ह्यात आणल्या. मणी नैसर्गिकपणे मोठा असल्याने जीए आणि विरळणीचा खर्च कमी, आणि परदेशी खरेदीदार नाव ओळखतो. पण रोप विकत घेतलं म्हणजे व्हरायटी आपली झाली असं नाही. ती करारावर मिळते: स्वामित्वशुल्क द्यायचं, काडी पाहुण्यारावळ्यांना द्यायची नाही, माल ठरलेल्या वाटेनेच विकायचा. करारात तीन कलमं शोधून वाचा. माल नाकारला तर काय, शुल्क एकरावर की मालावर, आणि बाग मोडायची झाली तर काय. शेजारच्याच्या बागेतून रात्री आणलेली काडी पुढे निर्यातीच्या दारात अडकते.

सार्वजनिक संशोधनातूनही पर्याय आहेत. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने मांजरी नवीन (खायची पांढरी), मांजरी श्यामा (काळी), मांजरी किशमिश (बेदाण्यासाठी) आणि मांजरी मेडिका (रसासाठी) ही वाणं दिली आहेत. एकदम एकरभर न लावता दोन ओळी लावून बघा.

कलम भरताना काय चुकतं?

वेळ १५ ऑगस्ट ते सप्टेंबर मध्य. हवेत दमटपणा हवा आणि तापमान तिशीच्या आसपास. रूटची काडी पेन्सिलीएवढी, ६ ते ८ मिलिमीटर, जमिनीपासून एक ते दीड फुटावर. डोळाकाडी तेवढ्याच जाडीची, पक्व, दोन डोळ्यांची. ती माल दिलेल्या आणि तुम्ही स्वतः मोसमात पाहिलेल्या वेलीवरूनच घ्या. काडी बुरशीनाशकात बुडवून घ्यावी. पाचर ४ ते ५ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना एकेकच काप. सुरी दुसऱ्यांदा फिरवली की पृष्ठभाग उंचसखल होतो आणि साल सालीला टेकत नाही. निदान एका बाजूची साल बरोबर जुळली पाहिजे. वर पट्टी घट्ट, हवा न शिरेल अशी.

कलम जातात ती बहुतेक तीन कारणांनी. रूटला आदल्या आठवड्यात पाण्याचा ताण पडला आणि साल सुटली नाही. काडी कापून दोन दिवस उन्हात राहिली. किंवा कलमाखालचे रूटचे फुटवे वेळच्या वेळी काढले नाहीत आणि तेच वाढले. डोळा १५-२० दिवसांत फुटतो. त्यानंतरच्या पहिल्या पावसात हटकून उडद्या (एक छोटा भुंगा) येतो आणि एका रात्रीत कोवळा डोळा खातो, तेव्हा संध्याकाळी बॅटरी घेऊन फिरावं लागतं.

रिकटची घाई नको. किमान तापमान १५ अंशांच्या वर स्थिर झाल्यावर, जानेवारी अखेर ते फेब्रुवारीत घ्या. थंडीत घेतलेला रिकट मागेपुढे फुटतो आणि ओळीत वेली एकसारख्या राहत नाहीत.

दहा वर्षांच्या बागेत वाण बदलता येतो का?

येतो. माल निघाल्यावर खोड जमिनीपासून दीड फुटावर कापा, पण जुन्या कलमाच्या गाठीच्या वर. निघालेल्या फुटींपैकी दोन जोमदार ठेवा आणि ऑगस्टात त्यांवर नवीन वाण भरा. मूळ मोठं असल्याने सांगाडा लवकर भरतो, एक वर्ष वाचतं. ज्या वेलींची पानं मोसमाअखेर कडांनी खाली वळून लालसर होतात, त्या मात्र काढूनच टाका. हे विषाणूचं लक्षण आहे आणि तो खोडातून नव्या वाणातही उतरतो. आणि पाणी खारट झाल्यामुळे बाग खालावली असेल तर वाण बदलून काही होणार नाही.

अंतर किती, एकरी झाडं किती?

९ बाय ५ फुटांवर एकरी ९६८, १० बाय ६ वर ७२६. डॉगरिज आणि भारी जमीन असेल तर अंतर वाढवा. ९ बाय ५ ला वेलीवर ३० घड आणि घड ३५० ग्रॅमचा धरला तर वेलीला साडेदहा किलो, एकरी दहा टनांच्या आसपास. निर्यातीसाठी याहून जास्त घड ठेवले तर मणी फुगत नाही आणि शुगर लांबते.

व्हरायटी चांगली, काडी चांगली, तरी घडच नाहीत. का?

घड ऑक्टोबरात दिसतो, पण तो खरड छाटणीनंतर ४० ते ७० दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्येच डोळ्यात तयार होतो. त्या काळात ऊन लागतं. मे २०२५ मध्ये पाऊस लवकर आला आणि ढग हटेनात, तेव्हा हेच झालं. थॉम्पसन वर्ग अशा वर्षी जास्त मार खातो. फ्लेमच्या खालच्या डोळ्यांतही घड असतो, म्हणून ती थोडी तरते. ज्या गावात मे महिन्यातला वळीव नेहमीचा आहे, तिथे खरड छाटणी मार्च अखेरीस उरकावी. ४५ दिवसांनी पाचव्या पानाचं देठ तपासून नत्र आटोक्यात ठेवा, आणि गोडी छाटणीच्या पंधरा दिवस आधी डोळे तपासून घ्या. अहवालात घड सातव्या डोळ्यावर असताना पाचव्यावर कात्री लावणं हे दरवर्षी घडतं.

वाइनची द्राक्षं लावू का?

आधी लेखी करार, मग काडी. कॅबरने सोव्हिन्यॉन, शिराझ, शेनिन ब्लँक, सोव्हिन्यॉन ब्लँक यांचा मणी लहान, बियांचा आणि जाड सालीचा. वायनरीने नाही म्हटलं तर पिंपळगावच्या बाजारात तो कोणी घेणार नाही.

भाव पडला तर बेदाणा करता येईल अशी व्हरायटी कोणती?

थॉम्पसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन. शुगर २२ ब्रिक्स झाल्यावरच काढा. चार किलोंना एक किलो बेदाणा बसतो. लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल. शरदचा काळा बेदाणाही होतो.

नाशिक शहरात अंगणात एकच वेल लावायची आहे.

थॉम्पसनच्या नादी लागू नका. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं एआरआय-५१६ हे वाण लावा, ते रोगाला बऱ्यापैकी तोंड देतं. मण्यात बी असते, चव रसाची. दोन्ही छाटण्या अंगणातही कराव्याच लागतात, नाहीतर नुसता पानांचा मांडव मिळतो. पावसाळ्यात एक टक्का बोर्डो मारा: दहा लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना, दोन्ही वेगळे भिजवून मग एकत्र.

द्राक्ष परवडत नाही. त्याऐवजी नाशपती किंवा सफरचंद चालेल का?

नाशपतीला हिवाळ्यात सात अंशांखालचे तास मोजून लागतात. बार्टलेटसारख्या युरोपीय जातींना ते कित्येक शेकडे हवेत. पंजाबात होणाऱ्या कडक फळाच्या पत्थरनाख जातीला दीडशेच्या आसपास पुरतात. निफाडला पारा पाचवर गेला तरी तो पहाटेचे काही तास आणि मोजक्या रात्री. हे तास भरले नाहीत, तर झाड जगतं, पण मार्चमध्ये डोळे मागेपुढे फुटतात आणि फूल विखुरतं. एचआरएमएन-९९, ॲना या कमी थंडीच्या सफरचंदांना आपल्याकडे फळ धरतं; हौसेला दहा झाडं लावा, कर्ज काढून एकर नको.